चार बोटांचा चौकोन

सोलापुरात भाड्याची खोली बघायला आलेला माणूस आधी पाण्याचं विचारतो. किती दिवसांआड येतं, किती वेळ टिकतं, टाकी कुणाच्या वाट्याची. हा माणूस जिना चढून वर गेला, खोलीकडे त्याने धड बघितलंही नाही आणि खाली येऊन माझ्या कॉटवरची चादर उचलून उलटी केली. शुक्रवार पेठेतल्या त्या घरात मी एकटीच राहते. परका पुरुष माझं अंथरूण उलटंपालटं करतोय म्हटल्यावर मी लाटणं शोधायला लागले. तो मात्र चादरीला नाक लावून उभा. मग एका जागी बोट ठेवून म्हणाला, "हितं कुणीतरी हात लावलाय ओ अक्का. लई बेस लावलाय."

लाटण्याचं मी विसरूनच गेले.

त्या जागचे पंधरा धागे तुटलेले होते आणि ते मीच भरले होते. सत्तावीस वर्षं मी चादरीच्या कारखान्यात चेकिंगला होते. मागावरून उतरलेली चादर लांबलचक टेबलावर पसरायची, तुटलेला धागा, सुटलेली वीण डोळ्यांनी हुडकायची आणि सुईने एकेक धागा ओवून ती जागा भरून काढायची. हे काम चांगलं झालं तर दिसत नाही आणि दिसलं तर मॅनेजर बोलावून घेतो. त्यामुळे सत्तावीस वर्षांत मला कुणी शाबासकी दिली नाही. कुणाला काही दिसलंच नाही, तर शाबासकी कशाची देणार? याचा मला मनातून तोराही होता. आणि या कोण कुठल्या माणसाने माझं काम मिनिटभरात पकडलं. मला राग आला, आणि आनंद तर इतका झाला, की पाण्याचं, लाइटचं काहीएक न सांगता मी त्याच्या हातावर खोलीची किल्ली ठेवली.

तो चित्रं काढतो हे नंतर कळलं. गल्ली त्याला पेंटर म्हणायची, कारण पोटासाठी त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. दहा वर्षांचा असताना तेलंगणातून वडिलांचं बोट धरून सोलापुरात आलेला, विणकराच्या घरचा. घरात तेलुगू, बाजारात मराठी, चहाच्या टपरीवर दखनी उर्दू, आणि चिडला की तिन्ही एकदम. कुणी विचारलं, तुमचं मूळ गाव कोणतं, तर म्हणायचा, "मागाला विचारा. त्यो जाईल तिकडं आमी." त्याच्या पणजोबांचा हातमाग होता. विलायतेच्या गिरण्यांचं स्वस्त कापड बाजारात आलं, माग बसला आणि पणजोबा रेल्वेच्या रुळावर खडी फोडायला गेले. ही गोष्ट तो अशी सांगायचा, जणू मागच्याच आठवड्यात घडली आहे आणि संबंधित साहेब अजून स्टेशनवर सापडू शकतो.

कापड दिसलं की ते उलटं करून बघायचं, हा त्याचा धर्म. "सुलटी बाजू गिऱ्हाइकासाठी आसती. उलटी बाजू खरं बोलती," असं त्याचं म्हणणं. बसचा पडदा, हॉटेलातला टेबलक्लॉथ, डॉक्टरच्या खोलीतला हिरवा पडदा, कशालाही तो सोडायचा नाही. शेजारच्या लग्नात त्याने मुलाच्या आईचा, म्हणजे खुद्द विहीणबाईंचा पदर उलटा केला. विहीणबाईंचे भाऊ बाह्या सरसावून पुढे आले. पेंटर मान वर न करता म्हणाला, "हातमागावरचा हाय ओ. असली हाय. विणणारा लई मोठा माणूस आसंल." त्या शालूवरून दोन जावांमध्ये सकाळपासून कुजबुज चालली होती, की हा मशीनचा आहे आणि बाई उगीच मिरवतात. विहीणबाईंनी भावांना मागे सारलं आणि पेंटरला पहिल्या पंगतीला स्वतः आग्रह करून जिलबी वाढली. मी मात्र त्या दिवसापासून त्याच्यासोबत लग्नाला जायचं बंद केलं.

चित्रं तो कापडावरच काढायचा, पण दुकानात मिळतं तसल्या कॅनव्हासवर नाही. जुनी धोतरं, फाटकी लुगडी, कारखान्यातले रिजेक्ट टॉवेल आणायचा आणि त्यांना मैद्याची खळ लावून कडक करायचा. खळ शिजवायला त्याला माझाच गॅस लागायचा. एकदा त्याने पातेलं शिजवून ओट्यावर निवत ठेवलं होतं आणि माझा भाऊ मोहोळहून आला. उन्हातून आलेला, भुकेलेला. मी मागच्या दारी कपडे वाळत घालत होते. आत येऊन बघते तर याने वाटीभर खळ संपवली होती. म्हणाला, "आक्के, लापशी बरी झालीया, पर मीठ न्हाय आन् गूळबी न्हाय. तब्येत बरी हाय न्हवं तुजी?" पेंटर दारात उभा राहून हसत सुटला. पुढे तीन वर्षं भाऊ आला की पेंटर जिन्यावरून ओरडायचा, "मामा, आज गूळ घातलाय!"

आता एका वहीबद्दल सांगते, कारण सगळं तिथून सुरू होतं.

इंग्रज साहेबाच्या काळात सरकारी माणसांनी देशभरातून धोतरं, लुगडी, पागोटी गोळा केली. त्यांचे चौकोनी तुकडे कापले, जाड वह्यांत चिकटवले आणि तिकडच्या गिरणीवाल्यांना नमुन्यादाखल पाठवले. असा माल काढा, म्हणजे तिकडे खपेल. त्या वह्या अजून तिकडच्या संग्रहालयांत जपून ठेवल्या आहेत. त्यातल्या एका पानाचा फोटो पेंटरने मोबाईलवर पाहिला आणि रंगीत प्रिंट काढून भिंतीवर लावला. तांबड्या-काळ्या चौकडीचा तुकडा. खाली गावाचं नाव, कापडाची लांबी, भाव. गाव त्याच्या पणजोबांच्या गावापासून दोन कोसांवरचं. विणणाऱ्याचं नाव नाही.

"तुकडा ठेवला, भाव ठेवला, आन् माणूस कुटं ठेवला?" असं तो त्या प्रिंटकडे बघून रोज एकदा तरी म्हणायचा. पण त्याला खरा छळणारा प्रश्न दुसराच होता. एक दिवस तो जिना उतरून थेट माझ्या स्वयंपाकघरात आला.

"अक्का, चार बोटांचा तुकडा कापून नेला. मग ऱ्हायलेल्या लुगड्याचं काय झालं?"

मी भाकरी थापत होते. "मला काय म्हाईत? तुमच्या साहेबाला विचारा की."

त्याने खरंच विचारलं. तिकडच्या संग्रहालयाला इंग्रजीत पत्रं लिहायला सुरुवात केली. विणणाऱ्याचं नाव काय, आणि उरलेलं कापड कुठे गेलं, एवढेच दोन प्रश्न. दर पत्राला उत्तर यायचं आणि दर उत्तरात एकच ओळ असायची: आपल्या आस्थेबद्दल आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत. दुसरा कुणी खचला असता. पेंटर उत्तर आलं की गल्लीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाटायचा. "आभार मानलेत! म्हंजे वाचत्यात की ओ! आज ना उद्या सांगतील." सात वर्षांत आमच्या गल्लीने त्या आभारांवर किती भाकऱ्या खाल्ल्या, देव जाणे.

मग त्याने ठरवलं, की प्रश्नाचंच चित्र करायचं. आणि नशिबाने तेव्हाच मुंबईच्या एका बाईंचा फोन आला. विलायतेत कापडाच्या इतिहासावर चित्रांचं प्रदर्शन होणार होतं आणि ते होतं नेमकं त्याच संग्रहालयात, जिथे ती वही होती. बाई चित्रं निवडायला हिंडत होत्या. सोलापूरला येणार होत्या. पेंटर त्या दिवशी जेवला नाही. जिन्याच्या पायरीवर बसून मला म्हणाला, "अक्का, सात वर्षं कागदावर विचारलं. आता तितं जाऊन, भिंतीवर टांगून विचारायचं हाय. हे एक झालं की बास."

शहराच्या पूर्व भागात हातमागावर बसणारे एक आजोबा होते, त्यांच्याकडून त्याने त्या प्रिंटबरहुकूम जाडंभरडं लुगडं विणून घेतलं. तीच तांबडी-काळी चौकडी. ते घेऊन दार लावून बसला. चित्र पुरं होईस्तोवर तो कुणाला दाखवायचा नाही, त्यामुळे मी वर गेले नाही. एका सकाळी मात्र देव्हाऱ्यातली हळदकुंकवाची कोयरी मागायला आला. विणकराच्या घरी मागावरून उतरलेल्या कापडाला कात्री लावण्याआधी हळदकुंकू लावतात, ही त्यांच्या घरची रीत. मला ती माहीत नव्हती. मला वाटलं, चांगली बुद्धी झाली, पूजा करतोय.

बाईंना आणायला पुण्याला निघताना तो लुगड्याची गुंडाळी काखेत मारून खाली आला. "अक्का, वर उंदीर झालेत. हे तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. परवा येतो बाईंना घेऊन." आणि त्याने ती टेबलावर ठेवली.

इथे माझ्या टेबलाबद्दल सांगायला हवं. ते कारखान्यातलं चेकिंगचं टेबल. मी निवृत्त झाले तेव्हा कारखाना नवी टेबलं घेत होता, जुनं मी मागून आणलं. अर्धी खोली त्याने व्यापली आहे. त्यावर मी जेवते, धान्य निवडते, पेपर वाचते. पण त्या टेबलाचा एक कायदा आहे आणि तो सत्तावीस वर्षांत माझ्या हाडात मुरलाय. चेकिंगच्या टेबलावर कापड ठेवणारा काही बोलत नाही आणि भरणारी काही विचारत नाही. ठेवलं म्हणजे भरायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कसर लागू नये म्हणून मी लुगडं झटकायला उलगडलं. चारी काठांवर हात रंगवलेले. नुसते हात. कुणाच्या मनगटात बांगड्या, कुणाच्या नखात नीळ, कुणाच्या बोटांना धाग्याने पडलेल्या चिरा. सगळ्यांनी मिळून ते लुगडं चहूबाजूंनी धरलेलं. डाव्या काठावर एक हात होता, ज्याची तर्जनी पहिल्या पेरात जरा वाकडी होती. मी माझं बोट त्याच्या शेजारी ठेवून बघितलं. तो हात माझा होता. माझं कुणी कधी चित्र काढलं नव्हतं हो. मी पदराने डोळे पुसले.

आणि मग मला मधोमध तो चौकोन दिसला. चार बोटांचा, कात्रीने सरळ कापलेला.

एवढी अक्कल मलाही आहे, की उंदीर काटकोनात कुरतडत नाही. पण कारखान्यात व्यापारी यायचे, नमुना कापून न्यायचे आणि ती चादर आमच्या टेबलावर यायची. पेंटर आठवडाभर म्हणत होता, बाईंना तुकडा दाखवायचाय. म्हणजे तुकडा कापून बरोबर नेला आणि बाकीचं माझ्या टेबलावर ठेवून गेला. न बोलता. आता याहून स्पष्ट काय सांगायचं?

मी चष्मा पुसला. लुगड्याच्या टोकाच्या दशांतून धागे ओढून काढले, म्हणजे सूतही त्याच हाताचं, रंगही तोच. आधी उभे धागे, मग आडवे. चार तांबडे, दोन काळे, पुन्हा चार तांबडे. सकाळी बसले ती दिवेलागणीला उठले. मध्ये एकदा चहा आणि एकदा शेजारणीला हाकलणं. आयुष्यात एवढं सुंदर काम माझ्या हातून झालं नव्हतं. शेवटी मी दिवा लावून बघितलं, आणि कुठे भरलंय ते माझं मलाच चटकन सापडेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले. मुंबईच्या बाई हसतमुख होत्या. पेंटरने स्टेशनवरच त्यांचा पदर उलटा करून पाहिला, हे त्यांनीच मला सांगितलं. वाटेत त्याने त्यांना चौकोनाची सगळी हकीकत ऐकवली होती आणि केव्हा एकदा बघते असं त्यांना झालं होतं. त्याने टेबलावर लुगडं पसरलं. "हे बघा," म्हणून बोट मधोमध नेलं आणि ते बोट तिथेच अधांतरी राहिलं.

त्याने लुगडं फिरवलं. पुन्हा फिरवलं. टेबलाखाली वाकून बघितलं.

मी चहाचा ट्रे घेऊन आले. फुशारकीने नुसती फुगले होते. "सापडंना न्हवं?"

"चौकोन कुटं गेला, अक्का?"

"भरला की! तुमीच ठिवलं न्हवं टेबलावर?"

पेंटरचा चेहरा खळ लावल्यासारखा पांढरा झाला. बाईंनी माझ्या हातातून ट्रे घेतला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "मावशी, ते त्यांनी मुद्दाम कापलं होतं. तो चौकोन म्हणजेच चित्र होतं."

सात वर्षांच्या पत्रांवर, त्याच्या एकुलत्या एका संधीवर मी दिवसभर बसून, चष्मा लावून, हौसेने बोळा फिरवला होता. "दोन तासांत उसवते," मी म्हटलं. "व्हतं तसं करून देते. बाई, तुमी थांबा, जाऊ नका." मी कात्री उचलली.

"हात लावू नका!" पेंटर इतक्या मोठ्याने ओरडला, की शेजारीण खिडकीत आली. इतक्या वर्षांत तो माझ्यावर पहिल्यांदा ओरडला.

मग सवयीने त्याने लुगडं उलटं केलं. तिथे, मागच्या बाजूला, कापायचे राहिलेले माझ्या धाग्यांचे शेंडे होते. तो वाकून बघत राहिला. एकेका शेंड्यावरून बोट फिरवत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतोय. बघते तर तो हसत होता. हसत हसत खाली फरशीवर बसला.

"अक्का, मी खुळा. सात वर्षं साहेबाला विचारलालोय ओ, ऱ्हायलेल्या लुगड्याचं काय झालं. साहेबाला काय म्हाईत आसणार? त्याच्यापाशी तुकडा हाय. लुगडं तर घरातल्या बाईपाशी ऱ्हायलं. भोक पडलं म्हणून कुणी नवं लुगडं टाकून देतंय व्हय? आशीच बसली आसंल की कुणीतरी. दशा वडून, दिसभर. आन् तिचं काम दिसलं न्हाय, म्हणून तिचं नाव कुणी लिवलं न्हाय." तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मला उत्तर मिळालं ओ. खालच्या मजल्यावर व्हतं."

आता मी रडायला लागले. रडत रडत म्हटलं, "मंग ह्ये आता चित्र ऱ्हायलं का न्हाय, ते सांगा आदी!"

बाईंनी पर्समधून चष्मा काढला आणि टेबलावर ओणव्या झाल्या. सुलट्या बाजूने अर्धा तास त्या तो चौकोन शोधत होत्या. चहा गार झाला. शेवटी त्यांनी भलत्याच जागी बोट ठेवलं. पेंटरने आणि मी एकदम मान हलवली. तेव्हा त्या सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "असंच पाठवू या. शेजारी तो कापलेला तुकडा वहीत लावून ठेवू. लोकांना शोधू दे."

तसंच गेलं. भिंतीवरच्या पाटीसाठी पेंटरने मजकूर दिला आणि त्यात एक अक्षर बदलायचं नाही असं बजावलं. विणणारे म्हणून आजोबांचं नाव. भरणारी म्हणून माझं, पूर्ण, आडनावासकट. रंगवणारा म्हणून सर्वांत खाली त्याचं. पेंटरही प्रदर्शनाला गेला आणि तिथून त्याने मोबाईलवर फोटो पाठवला. दोन गोरे साहेब हात पाठीमागे बांधून, नाक लुगड्याला लागेल इतके वाकून उभे आहेत. तो फोटो मी मोठा करून टेबलासमोर लावलाय.

विलायतेहून परतल्यावर पेंटर माझ्याकडे दोनच महिने राहिला. म्हणाला, "पणजोबा गावातनं निगाले. आता उलटी बाजू बघून येतो." तेलंगणात त्या गावाजवळ त्याने दोन हातमाग टाकलेत. वरची खोली मी अजून कुणाला दिली नाही. तिथे खळीचा वास आहे आणि जिन्यावरून भावाला चिडवायला मला एकटीला तितकीशी मजा येत नाही.

मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. संग्रहालयातून पत्र आलं होतं, त्याच्याच पत्त्यावर, पण या वेळी माझ्या नावाने. पेंटरने ते मला मराठीत वाचून दाखवलं. लुगडं आता त्यांच्या कायमच्या संग्रहात घेतलंय. त्याची नोंद करायची आहे. पण त्यांच्या तज्ज्ञांना भरलेली जागा सापडत नाही. मागचे शेंडे मी पाठवण्याआधी कापले होते, ते कसे सोडीन? तर मी कृपया कळवावं, की तो चौकोन नेमका कुठे आहे, आणि असं काम करणाऱ्या पूर्वीच्या बायकांबद्दल काही माहिती असेल तर तीही द्यावी.

"काय लिवू, अक्का?" पेंटर फोनवर हसू दाबत होता.

मी परातीतलं पीठ बाजूला सारलं. उत्तर मला पाठ होतं. सात वर्षं आमची गल्ली त्यावर जेवली होती.

"लिवा," मी म्हटलं, "आपल्या आस्थेबद्दल आम्ही मनःपूर्वक आभारी आहोत."